रेणूचे औषध होताना

महाड, बिरवाडी, पोलादपूर हा रायगड जिल्ह्याचा डोंगरपट्टा. भाताचे भारे, सरपण, जुन्या घरांची कौले यांच्या आडोशाने राहणारा लाल विंचू इथल्या माणसांना अनोळखी नाही. पन्नास वर्षांपूर्वी तो चावला की घरात रडारड सुरू होई. चावलेले मूल घामाने निथळायचे, हातपाय बर्फासारखे गार पडायचे, ओकाऱ्या व्हायच्या आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून तोंडाला गुलाबी फेस यायचा. प्राझोसिन येण्याआधीच्या पश्चिम भारतातल्या नोंदी पाहिल्या तर शंभरातले पंचवीस-तीस रुग्ण दगावत होते. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर या रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. त्या नोंदींतून त्यांना दिसले की विषामुळे चेतातंतू अखंड पेटलेले राहतात, अ‍ॅड्रिनॅलिनच्या कुळातली द्रव्ये रक्तात लोटली जातात, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय त्या दाबापुढे हरते. आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी तेव्हा औषधाच्या दुकानात होतीच. तिचे नाव प्राझोसिन. उच्च रक्तदाबासाठी ती बाजारात आलेली होती. बावस्करांनी ती विंचूदंशाच्या रुग्णांना दिली, अनुभव ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात मांडला, आणि मृत्यूचे प्रमाण शंभरात दोन-तीनांच्या खाली आले.

प्राझोसिनचा रेणू या सगळ्यात तसूभरही बदलला नाही. त्याच्याविषयी माणसाला जे ठाऊक होते त्यात एका गोष्टीची भर पडली, आणि कोकणातली मुले वाचू लागली. औषधांवरच्या या लेखसंग्रहाला प्रस्तावना लिहिताना मला सर्वांत आधी हेच सांगावेसे वाटते. रसायन पुष्कळदा आधीपासून जगात असते. त्याचे औषध होते ते नंतर, कोणीतरी नेमका प्रश्न विचारून, मोजून, नोंदवून, पडताळून पाहिल्यावर. कोणाला, कशासाठी, किती, कोणत्या वाटेने, किती दिवस आणि कोणाला मुळीच नाही, हे सगळे त्या रेणूला चिकटले की मग ती गोळी औषध म्हणवून घ्यायला पात्र ठरते.

इतिहासातली याची दोन उदाहरणे तर चटका लावणारी आहेत. आयसोनियाझिड हे क्षयरोगाचे आजही पहिल्या फळीतले औषध. ते १९१२ मध्ये प्राग इथे दोन रसायनशास्त्रज्ञांनी तयार केले होते. क्षयाच्या जंतूवर ते काय करते हे पाहायचे कोणाच्या मनातही नव्हते. ते कळायला १९५२ साल उजाडावे लागले. मधल्या चाळीस वर्षांत क्षयाने किती माणसे नेली याचा विचार करून पाहावा. दुसरे उदाहरण सल्फानिलामाइडचे. व्हिएन्नात १९०८ मध्ये तयार झालेले हे संयुग रंग बनवणाऱ्या कारखान्यांत कच्चा माल म्हणून पडून होते. पहिल्या महायुद्धात जखमा चिघळून सैनिक मरत होते तेव्हाही ते तिथेच होते. जंतूंवरचा त्याचा मारा १९३५ मध्ये उघड झाला.

हे क्षेत्र नव्याने पाहणाऱ्या वाचकाला पहिला प्रश्न पडतो तो असा की हे रेणू येतात कुठून. सर्वांत जुना स्रोत अर्थात वनस्पती. मात्र वनस्पतीपासून आजच्या औषधापर्यंतचा रस्ता एका विशिष्ट ठिकाणी वळतो आणि ते वळण ठळकपणे सांगता येते. जर्मनीतल्या पाडरबोर्न गावात फ्रीड्रिख झेर्ट्युर्नर नावाच्या, औषधालयात काम शिकणाऱ्या विशीच्या तरुणाने १८०४-०५ च्या सुमारास अफूतून झोप आणणारा स्फटिकरूप घटक वेगळा काढला. तेच मॉर्फिन. अफू सगळीकडे सारखी नसते. एका शेतातली कडक, दुसऱ्या शेतातली सौम्य, त्यामुळे वेदना थांबेल की श्वास थांबेल याची खात्री कोणी देऊ शकत नसे. शुद्ध घटक हाती आल्यावर पहिल्यांदाच मात्रा तोलून देता येऊ लागली. १८२० मध्ये पॅरिसच्या पेल्त्ये आणि काव्हाँतू या जोडीने सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन काढले आणि हिवतापावरच्या उपचाराचेही तसेच झाले. पुढची शंभर वर्षे रसायनशास्त्रज्ञ साल, मूळ, बी, पान यांतून एकेक अल्कलॉइड वेगळे करत राहिले.

पूर्ण वनस्पती द्यावी की तिच्यातला एकच घटक, हा वाद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे आणि आपल्याकडे तो विशेष हिरिरीने लढला जातो. माझ्या मते या वादाचा सर्वांत प्रामाणिक धडा सर्पगंधेत आहे. हे मूळ आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून माहीत होते. बिहारकडे ते वेडावरचे औषध म्हणून विकले जाई. १९३१ मध्ये कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी ते रक्तदाबही उतरवते असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी त्यातले अल्कलॉइड वेगळे केले आणि त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ अजमलीन हे नाव दिले. मग मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. त्या एका निबंधाने जगाचे लक्ष इकडे वळले. १९५२ मध्ये बाझल इथल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सर्पगंधेतून रिसर्पीन वेगळे काढले. काही वर्षे ते रक्तदाबावर आणि स्किझोफ्रेनियावरही जगभर दिले गेले. पण ते घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य येऊ लागले. रिसर्पीन मेंदूतल्या चेतापेशींतला सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचा साठा रिकामा करते हे शोधून काढताना नैराश्याच्या रसायनाविषयीचा पहिला मोठा सिद्धान्त उभा राहिला. परंपरेने बोट दाखवले, मुंबईच्या डॉक्टरने रुग्णांवर पडताळले, बाझलच्या रसायनशास्त्रज्ञांनी घटक काढला आणि दुष्परिणामांनी मेंदूचे एक दार उघडले. यातला एकही टप्पा गाळला तर गोष्ट अपुरी राहते. म्हणून ‘सगळे आमच्याकडे होतेच’ म्हणणारे आणि ‘पाल्यामुळीत काय आहे’ म्हणणारे, दोघांनीही सर्पगंधेचा हा प्रवास सावकाश वाचावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. चीनच्या तू यूयू यांनी हिवतापावरचे आर्टेमिसिनिन शोधताना हेच केले. जुन्या ग्रंथातल्या पाठावरून त्यांना कळले की उष्णतेने गुण नष्ट होत असावा. मग त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरने अर्क काढला, आणि पुढे २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दुसरा प्रवाह कारखान्यातून आला. १८५६ मध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने प्रयोगशाळेत क्विनाइन बनवायचा प्रयत्न केला आणि हाती आला जांभळा रंग. त्यातून डांबरापासून रंग बनवण्याचा अवाढव्य उद्योग जर्मनीत उभा राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहताना हे रंग वापरले जात, आणि पाउल एर्लिख यांच्या लक्षात आले की रंग काही पेशींनाच धरतो, इतरांना सोडतो. मग जंतूला धरून मारणारे आणि माणसाला सोडून देणारे रसायन का असू नये? या एका प्रश्नाभोवती त्यांनी शेकडो संयुगे तपासली. सहाचिरो हाता या जपानी सहकाऱ्याने तपासलेले ६०६ क्रमांकाचे संयुग उपदंशावर लागू पडले आणि १९१० मध्ये साल्वर्सान म्हणून बाजारात आले. गेऱ्हार्ट डोमाक यांचे प्राँटोसिल याच घराण्यातले. ते शरीरात फुटून सल्फानिलामाइड बाहेर पडते हे पॅरिसच्या पाश्चर संस्थेने दाखवले, आणि वर सांगितलेला तो कच्चा माल रातोरात जीवरक्षक ठरला.

तिसरा प्रवाह मातीचा आणि बुरशीचा. फ्लेमिंग यांची १९२८ मधली बुरशी सर्वांना माहीत आहे. तिचे औषध मात्र ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी १९४०-४१ मध्ये केले. महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशात पेनिसिलिन बनू लागले, आणि तिथल्याच प्रयोगशाळेत तिरुमलाचार यांच्या गटाने हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधले. पिंपरी-चिंचवडच्या आजच्या औद्योगिक पसाऱ्यात ही आठवण पुसट झाली आहे. ती पुसली जाऊ नये. क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जंतूंपासून मिळाले. रिफाम्पिसिनचे मूळ दक्षिण फ्रान्समधल्या पाइनच्या बनातल्या मातीत सापडले.

चौथा प्रवाह विचारांचा आहे आणि आज तोच सर्वांत बलवान आहे. औषध शरीरात कुठे चिकटते हे आधी शोधायचे आणि तिथे बसेल असा रेणू मग घडवायचा, अशी ही रीत. या चिकटण्याच्या जागेला ग्राही म्हणतात. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी अ‍ॅड्रिनॅलिनचे हृदयावरचे ग्राही अडवणारे प्रोप्रॅनोलॉल १९६० च्या दशकात दिले, आणि नंतर जठरातल्या हिस्टामिनचे ग्राही अडवणारे सिमेटिडीन. पोटातल्या व्रणासाठी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागणारी माणसे गोळ्यांवर बरी होऊ लागली. अमेरिकेत गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी पेशीच्या जनुकद्रव्याचे घटक ओळखून त्यांच्यासारखे दिसणारे पण पेशीला चकवणारे रेणू बनवले. रक्ताच्या कर्करोगापासून नागिणीपर्यंत अनेक ठिकाणी ते कामी आले. या तिघांना १९८८ चे नोबेल मिळाले. ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाने रक्तदाब का कोसळतो, या प्रश्नातून कॅप्टोप्रिल जन्मले. आज ज्यांच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ होतो त्या बीपीच्या सगळ्या गोळ्या त्याच कुळातल्या. भीमावरमला जन्मलेले आणि अमेरिकेत लेडर्ली कंपनीत काम केलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे नाव या पंक्तीत आवर्जून घ्यायला हवे. मेथोट्रेक्सेट आणि हत्तीरोगावरचे डायएथिलकार्बामाझिन ही दोन्ही औषधे त्यांच्या गटाच्या कामातून आली.

प्रथिनांची औषधे हा पाचवा प्रवाह. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले ते जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले. १९८२ पासून जंतूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन मिळू लागले. वजन आणि साखर उतरवणारी जी इंजेक्शने सध्या गाजत आहेत, त्यांचा एक धागा अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका विषारी सरड्याच्या लाळेपर्यंत जातो.

प्रवाह सांगितले, पण त्यांना जोडणारी एक गोष्ट राहिली आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. औषध लागू पडले हे कळते कसे? ताप आपसूक उतरतो, दुखणे आपसूक कमी होते, आणि गोळी घेतल्यावर उतरले की श्रेय गोळीला जाते. यातून सुटका करणारी पद्धत १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीने रूढ केली. कोणत्या रुग्णाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही हे डॉक्टरने न ठरवता चिठ्ठ्यांसारख्या निःपक्षपाती पद्धतीने ठरवायचे आणि दोन्ही गटांची तुलना करायची. तिचा सर्वांत सुंदर उपयोग, मला वाटते, आपल्या देशात झाला. क्षयरोग्याला महिनोन् महिने आरोग्यधामात ठेवायचे, भरपूर विश्रांती, दूध-अंडी आणि मोकळी हवा द्यायची, ही तेव्हाची रूढ समजूत होती. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी आरोग्यधामे त्याच काळातली. गरिबाला हे कसे परवडणार? मद्रासच्या क्षयोपचार केंद्रात पन्नासच्या दशकात एका गटाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला शहरातल्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आला की घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरातल्यांना त्यांच्यामुळे जास्त लागणही झाली नाही. या निष्कर्षाने जगभरचा क्षयोपचार घरी आणला. लेकराला, नवऱ्याला, बापाला वर्षभर दूर पाठवायची वेळ लाखो कुटुंबांवर आली नाही. नवा रेणू एकही नव्हता, फक्त एक प्रश्न नीट विचारला होता.

आता औषध शरीरात गेल्यावर काय होते याविषयी थोडे, कारण घरोघरीचे बहुतेक गैरसमज इथले असतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी गिळून का टाकायची नाही? पोटातून शोषलेले औषध आधी यकृतात जाते आणि यकृत त्यातले बरेचसे तिथेच मोडते. जिभेखालून ते थेट रक्तात मिसळते आणि काही मिनिटांत कामाला लागते. ‘गोळ्या गरम पडल्या’ असे आपण म्हणतो त्यामागेही पुष्कळदा नेमके रसायन असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही वेदनाशामके ज्या एन्झाइमला अडवतात तेच जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी द्रव्येही बनवत असते. वेदना थांबते आणि अस्तर उघडे पडते. अ‍ॅस्पिरिनची मात्रा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. डोकेदुखीला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागते, आणि हृदयविकाराच्या रुग्णाला रोज ७५ पुरते. रक्तातल्या बिंबाणूंना केंद्रक नसते, त्यामुळे अ‍ॅस्पिरिनने त्यांचे एन्झाइम एकदा कायमचे बंद पाडले की ते नवे बनवू शकत नाहीत. तो बिंबाणू आठ-दहा दिवसांनी मरेपर्यंत तसाच राहतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी डॉक्टर ‘ती छोटी गोळी चालू आहे का’ असे विचारतात, आणि म्हणून त्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यायला हवे.

औषधांचा इतिहास अपघातांचाही आहे आणि त्यांतला एक अपघात आपण पुन्हापुन्हा होऊ देतो, याचा मला संताप येतो. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडचे गोड पातळ औषध बनवताना डायएथिलीन ग्लायकॉल वापरले गेले. शंभरावर माणसे मेली, त्यात लहान मुले पुष्कळ. मूळ औषधात दोष नव्हता, ते विरघळवणारा द्रव मूत्रपिंडे नष्ट करत होता. पुढच्याच वर्षी तिथे सुरक्षिततेचा कायदा आला. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच विषाने दूषित ग्लिसरॉल दिल्यामुळे चौदा रुग्ण गेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उलगडून दाखवली. तो अहवाल महाराष्ट्रातल्या प्रत्येक औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचायला हवा. तरीही २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या खोकल्याच्या औषधाने आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पुन्हा खोकल्याच्याच औषधाने बालके गेली. त्यातली कित्येक उपचारासाठी नागपूरला आणली होती. हे विष ओळखण्याची पद्धत जुनी आणि सोपी आहे. प्रत्येक पिंपातला माल वापरण्याआधी तपासायचा, एवढेच.

थॅलिडोमाइडची गोष्ट वेगळ्या जातीची आहे. गरोदरपणातल्या मळमळीवर १९५७ पासून युरोपात विकल्या गेलेल्या या गोळीने दहा हजारांहून अधिक मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावे अपुरे म्हणून परवानगी अडवून धरली. पुढे तेच थॅलिडोमाइड कुष्ठरोगातल्या एका वेदनादायक प्रतिक्रियेवर आणि अस्थिमज्जेच्या कर्करोगावर कडक बंधनांखाली परत आले. एकच रेणू एका शरीरात शाप आणि दुसऱ्यात वरदान ठरला. आणि शरीर माणसाचेच असायला हवे असेही नाही. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि भारतातली पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे शंभरात एकही उरली नाहीत. २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तीच वेदना शमवणारे मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही.

किंमत हाही औषधाच्या गुणाचाच भाग मानला पाहिजे, कारण न परवडणारे औषध रुग्णाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर नव्हे तर बनवण्याच्या प्रक्रियेवर पेटंट दिले. इथल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळ्या प्रक्रिया शोधल्या आणि स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. १९३५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सिप्लाने २००१ मध्ये एड्सवरची तीन औषधांची वर्षभराची मात्रा स्वयंसेवी संस्थांना ३५० डॉलरला देऊ केली. तेव्हा जगात तिला दहा ते पंधरा हजार डॉलर पडत होते. आफ्रिकेतला उपचार त्यानंतर शक्य झाला. २००५ पासून रेणूवर पुन्हा पेटंट मिळू लागले, पण किरकोळ बदल करून मुदत वाढवायला कायद्याच्या कलम ३(ड) ने आडकाठी केली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरच्या इमॅटिनिबच्या खटल्यात ती उचलून धरली. २०२३ मध्ये चिवट क्षयावरच्या बेडाक्विलिनचे पेटंट लांबवण्याचा अर्जही फेटाळला गेला. त्याला आव्हान देणाऱ्या दोघींपैकी एक मुंबईची होती, क्षयातून बरी झालेली आणि उपचारातल्या इंजेक्शनांमुळे ऐकण्याची शक्ती गमावलेली.

असे पुस्तक मराठीत आता का हवे, याचे उत्तर कोणत्याही घरातल्या औषधाच्या डब्यात सापडेल. साठीच्या माणसाला बीपीची, शुगरची, कोलेस्टेरॉलची, पित्ताची अशा चार-पाच गोळ्या चालू असतात. त्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेल्या असतात, आणि एकमेकींशी त्या काय करतात हे घरात कोणाला माहीत नसते. सर्दीला मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणल्या जातात. सर्दी विषाणूची असते, तिच्यावर त्या गोळ्यांचा काही उपयोग नसतो, पण अंगातले इतर जंतू मात्र त्या औषधाला सरावतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने दोन-तीन औषधे एकत्र केलेल्या ३४४ मिश्रणांवर बंदी घातली, कारण ती एकत्र करण्याला वैद्यकीय आधार नव्हता. याउलट कुष्ठरोगात आणि क्षयात अनेक औषधे एकत्र देणे हेच शहाणपणाचे असते. कारण एकट्या डॅप्सोनला कुष्ठाचे जंतू दाद देईनासे झाल्याचा अनुभव आहे. कोणते मिश्रण शहाणपणाचे आणि कोणते नुसते विक्रीसाठी, हे ओळखण्याची समज वाचकाला मिळावी, ही या संग्रहामागची धडपड मला स्पष्ट दिसते.

लेखकांत डॉक्टर आहेत, औषधनिर्माणाचे अध्यापक आहेत, दुकानात बसणारे फार्मसिस्ट आहेत, रुग्णालयात वर्षानुवर्षे औषधे वाटलेल्या परिचारिका आहेत. दृष्टिकोन वेगळे असल्याने काही ठिकाणी त्यांचे एकमेकांशी पटत नाही, आणि संपादकांनी ते मतभेद घासून काढलेले नाहीत, हे मला आवडले. औषधांची नावे कंपनीच्या नावाने न देता मूळ रसायनाच्या नावाने दिली आहेत. स्ट्रिपवर बारीक अक्षरांत छापलेले हे नाव वाचायची सवय लागली की तीच गोळी दोन नावांनी दोनदा घेतली जाण्याचा धोका बराच टळतो. मात्रा मुद्दामच दिलेल्या नाहीत. मात्रा वजन, वय, मूत्रपिंड आणि यकृत पाहून ठरते, ती पुस्तकातून उचलायची गोष्ट नाही. लेखांची मांडणी रोगांच्या क्रमाने नसून प्रश्नांच्या क्रमाने आहे: रेणू कुठून आला, तो कुठे चिकटतो, त्याला शरीर काय करते, तो कोणाला मिळत नाही. नवख्या वाचकाने मधला कोणताही लेख उघडला तरी चालेल.

एका गोष्टीसाठी मी संपादकांचा विशेष ऋणी आहे. कुष्ठ, सर्पदंश, विंचूदंश, हत्तीरोग या गरिबांच्या दुखण्यांना त्यांनी मधुमेह-हृदयविकाराइतकीच जागा दिली आहे. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांत हत्तीरोगाची मोहीम निघते तेव्हा आशा कार्यकर्ती दारात येऊन धडधाकट माणसालाही गोळ्या देते आणि आपल्यासमोर गिळायला सांगते. ‘मला तर काही झाले नाही, मग मी का घेऊ?’ हा प्रश्न तिला दर घरी ऐकावा लागतो, आणि तो प्रश्न रास्तच आहे. उत्तर असे की हत्तीपाय दिसायच्या कितीतरी वर्षे आधी या कृमीची सूक्ष्म पिल्ले रक्तात फिरत असतात, त्या माणसाला त्रास नसतो, आणि डास त्याच्याकडून ती शेजाऱ्याकडे नेतो. सुब्बारावांच्या गटाने दिलेले ते औषध रक्तातली पिल्ले मारते. गोळी घेतल्यावर कोणाला थोडा ताप किंवा अंगदुखी जाणवली तर बहुतेक वेळा ती रक्तात पिल्ले होती आणि आता मरत आहेत याची खूण असते. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालची मुले आणि गंभीर आजारी माणसे यांना ती देत नाहीत. एवढे सांगायला आशाताईला दोन-चार मिनिटे लागतात आणि तिच्यापुढे अजून पुष्कळ घरे असतात. ती मिनिटे तिच्या पाठीशी असावीत म्हणून हत्तीरोगावरचा लेख सुटा छापून मोहिमेच्या काळात गावोगाव वाटायचे प्रकाशकांनी ठरवले आहे.